मार्चएंड तुमचाही, आमचाही

मराठवाड्यातल्या सर्व बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना खुले पत्र

साहेब आणि मॅडम,
स. न. वि. वि.

करडई फेब्रुवारीच्या मध्यापासून काढायला येते आणि मार्चभर मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, उतरते. ज्याला लाकडी घाणा चालवायचा आहे त्याने वर्षाचा माल त्याच दिवसांत भरून ठेवायचा असतो. तेव्हा माल ताजा असतो, निवडून घेता येतो आणि भाव हातात असतो. एकदा का करडई व्यापाऱ्याच्या गोदामात गेली, की पावसाळ्यात क्विंटलमागे हजार-बाराशे जास्त मोजून तीच करडई, तेच कट्टे, तुम्ही परत विकत घेता.

नेमक्या याच दिवसांत बँकेत गेलं की उत्तर मिळतं, "ताई, मार्चएंड आहे, एप्रिलमध्ये या." एप्रिलमध्ये ऑडिट. मेमध्ये साहेबांची बदली. नवे साहेब रुजू होऊन फाईल बघेपर्यंत जून उजाडतो आणि शाखेत पीककर्जाची रांग लागलेली असते. त्या रांगेत आमच्याच घरचे लोक उभे असतात, त्यामुळे तक्रार तरी कोणाची करायची? पण करडई कोणासाठी थांबत नाही.

मी औसा तालुक्यातल्या एका गावात घाणा चालवते. करडई, शेंगदाणा, थोडा तीळ आणि जवस. हे पत्र माझ्या फाईलसाठी नाही. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणी, हिंगोली, जालना, संभाजीनगर, कुठल्याही जिल्ह्यात नवा धंदा टाकलेल्या माणसाजवळ दहा मिनिटं बसलं, तर एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: बँक मशीनला पैसे देते, मशीनमध्ये घालायला काही देत नाही. खेळतं भांडवल म्हटलं की "आधी धंदा चालवून दाखवा." रिकामं मशीन चालवून काय दाखवायचं?

आकडे मांडते, कारण तुम्हाला आकड्यांचीच भाषा आवडते.

एका घाण्याला वर्षाला शंभर क्विंटल करडई लागते असं धरा. २०२६-२७ च्या विक्री हंगामासाठी करडईचा हमीभाव ६,५४० रुपये जाहीर झाला आहे. मोंढ्यात भाव त्याच्या खाली-वर होतो, म्हणून हिशेबाला साडेसहा हजार घेऊ. म्हणजे करडईचेच साडेसहा लाख झाले. हमाली, तोलाई, बारदाना, टेम्पो वेगळं. साधारण चार किलो करडईला किलोभर तेल निघतं, म्हणजे वर्षाला अडीच हजार किलो. साडेतीनशे रुपयांनी ते विकलं तर पावणेनऊ लाख, आणि पेंडीचे दीडेक लाख. उलाढाल सव्वादहा लाखांच्या घरात. त्यातून वीज, एका बाईची मजुरी, बाटल्या, लेबलं आणि मशीनचा महिन्याला आठ हजारांचा हप्ता वजा करा. उरतं ते फार नाही, पण घर चालतं. गावात राहून, आपल्याच शिवारातल्या मालावर घर चालतं, ही काही लहान गोष्ट नाही.

आता त्यातली मेख बघा. साडेसहा लाख जातात मार्चमध्ये. सव्वादहा लाख येतात बारा महिन्यांत, किलो-किलोने. लोक दिवाळीला, संक्रांतीला जास्त तेल नेतात. उन्हाळ्यात लग्नसराईला काही डबे जातात. आषाढात घाणा दोन-दोन दिवस बंद असतो. या दोन टोकांमधलं अंतर ज्याला पैशाने भरून काढता येतं त्याचा धंदा टिकतो. ज्याला येत नाही त्याच्या घाण्यावर दुसऱ्या वर्षी कापड झाकलेलं दिसतं. तेलाच्या चवीचा, मेहनतीचा किंवा 'मराठी माणसाला धंदा जमत नाही' या भाषणबाजीचा इथे संबंध नाही.

मशीनसाठी मात्र कर्ज मिळतं, हे मान्य केलं पाहिजे. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, २००८ पासून आहे. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के अनुदान, स्वतःचे फक्त ५ टक्के. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई आहे, अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे. कागदावर पाहिलं तर मराठवाड्यात धंदा टाकायला पैसा कमी नाही.

पण हे अर्ज बनतात कसे, ते बघा. अर्जदार ज्याच्याकडे जातो तो प्रोजेक्ट रिपोर्ट करून देणारा माणूस. त्याचा ओळखीचा मशीनवाला असतो. दोन लाखांचा घाणा कोटेशनमध्ये साडेतीन लाखांचा होतो, सोबत कधी न लागणारी दोन मशीनं घुसतात, आणि खेळत्या भांडवलाच्या रकान्यात जेमतेम पंचवीस-तीस हजार टाकलेले असतात. त्याचं कमिशन मशीनवर आहे, करडईवर नाही. तुमच्या टेबलावर हीच फाईल येते आणि तुम्हीही ती तशीच पास करता, कारण मशीन दिसतं, त्याचा विमा निघतो, त्यावर बँकेच्या नावाची पाटी लावता येते.

खरं तर पीएमईजीपीच्या नियमात प्रकल्पाच्या किमतीत खेळत्या भांडवलाचं एक आवर्तन, म्हणजे एकदा माल भरून तो विकला जाईपर्यंतचा खर्च, धरायची सोय आहे. उलट नियम असा आहे की अनुदानाची रक्कम तीन वर्षं ठेवीत अडकलेली असताना कॅश क्रेडिटची (सीसी, म्हणजे लागेल तसे पैसे उचलायचं आणि भरायचं खातं) मर्यादा एकदा तरी शंभर टक्के वापरली गेली पाहिजे. म्हणजे योजना लिहिणाऱ्याला कळलं होतं की माल भरल्याशिवाय धंदा होत नाही. मधल्या मधे ते कुठे गळतं? माझ्या समजुतीप्रमाणे दोन जागी: रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या संगणकावर आणि तुमच्या "टर्म लोन (मशीनचं कर्ज) आत्ता घ्या, सीसीचं नंतर बघू" या वाक्यात.

आमच्याकडे पाहणी झाली तो दिवस सांगते. बँकेचे एक अधिकारी आणि सोबत एक मुलगा मोबाईल घेऊन. घाण्याजवळ मला उभं केलं, मागे योजनेची पाटी नीट दिसेल असं. "मशीन चालू करा, चालू असलेला फोटो लागतो." करडई संपलेली होती. शेजारच्या काकूंकडून दोन कट्टे उसने आणून घाण्यात टाकले, तेलाची धार लागली तसा फोटो निघाला. मागच्या खोलीत जिथे साठा असायला पाहिजे तिथे नुसत्या रिकाम्या पोत्यांची चवड होती. त्या खोलीचं दार उघडंच होतं. आत कोणी डोकावलं नाही. प्रश्न बहुतेक माझ्या नवऱ्याला विचारले गेले, जे शेती करतात आणि ज्यांना घाण्याच्या मोटरचा एचपीसुद्धा सांगता आला नाही.

मग माल भरायला पैसा कुठून येतो, तेही ऐका. भिशी उचलायची. बचत गटातून पन्नास हजार. अंगावरचं सोनं. उरलेलं आडत दुकानदाराकडून उधार, किंवा गावातल्या सावकाराकडून शेकडा तीन रुपयांनी. शेकडा तीन म्हणजे महिन्याला. तीन लाख रुपये मार्चमध्ये उचलले आणि दिवाळीपर्यंत ठेवले तर आठ महिन्यांचं व्याज ७२ हजार. हेच तीन लाख बँकेने ११ टक्क्यांनी दिले तर २२ हजार, आणि सीसी खातं असेल तर मधे विक्रीचे पैसे भरत गेलं की त्याहूनही कमी. मधल्या ५० हजारांत माझ्या घाण्यावरच्या बाईची कितीतरी महिन्यांची मजुरी निघते. आमच्या नफ्यातून पहिला घास सावकाराचा असतो, दुसरा तुमच्या हप्त्याचा, आणि उरलेलं आमचं. तरीही हप्ता चुकला की "ही योजनेची कर्जं बुडतातच" असं तुमच्याकडे म्हटलं जातं.

हंगाम वेगळे, पण गोष्ट सगळीकडे हीच आहे. वसमतला हळद फेब्रुवारीपासून येते, पावडर करणाऱ्याला ती तेव्हाच घ्यावी लागते. चिंच उन्हाळ्याच्या तोंडाला झोडपली जाते. फोडून, चिंचोके काढून ठेवली तर तिला पुढे भाव आहे, पण ठेवायला पैसा लागतो. बालाघाटातलं सीताफळ तर दीड-दोन महिन्यांत आटपतं. ज्याने गर काढून गोठवला नाही त्याचं वर्ष गेलं. भूम भागातल्या खवा भट्टीवाल्याचं उलटं आहे, त्याला हंगाम नाही पण दुधाचे पैसे दर दहा दिवसांना रोख द्यावे लागतात आणि पेढेवाला महिन्याने देतो. वाळूजला जॉबवर्क करणाऱ्या पोरांची बिलं मोठ्या कंपन्यांकडे तीन-तीन महिने पडून असतात. २००६ च्या कायद्यात ४५ दिवस लिहिले आहेत, पण ऑर्डर बंद होईल या भीतीने कोण दावा लावतो? तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

तुम्ही तीन कारणं सांगता. पहिलं तारण. सूक्ष्म-लघु उद्योगाच्या वीस लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवलंय. जोखमीसाठी सीजीटीएमएसई या सरकारी पतहमी ट्रस्टची हमी २००० सालापासून आहे. तरी तोंडी विचारणा होतेच: "प्लॉट आहे का? कोणी नोकरीवाला जामीन?" शेत सासऱ्यांच्या नावावर, त्यावर सोसायटीचा बोजा. घर गावठाणात, ज्याला ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे आणि त्या कागदाकडे पाहून तुमच्या वकिलाचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय. मराठवाड्यातल्या खेड्यात राहणाऱ्या बाईकडे तारण द्यायला बहुतेक वेळा तिच्या हातातल्या दोन बांगड्याच असतात, आणि त्यांच्यावर सोनेतारण तर तुम्ही दहा मिनिटांत देता.

दुसरं सिबिल. बँकेचं कर्ज कधीच न घेतलेल्या बाईचा स्कोअर शून्याखाली दाखवतो, म्हणजे इतिहासच नाही. इतिहास नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून इतिहास नाही. बचत गटाचे हप्ते आम्ही वर्षानुवर्षं तारखेला भरले, ती वही गटात आहे. मागवून बघायला काय हरकत आहे? आणि पीककर्ज थकलेल्या बापामुळे पोराची फाईल मागे ठेवू नका. दुष्काळाचा हिशेब दुष्काळाच्या खात्यात राहू द्या.

तिसरं कारण खरं आहे, म्हणून ते झटकत नाही. खेळत्या भांडवलाचा पैसा दुसरीकडे वळतो. अनुदानाची फाईल करून मशीन विकून टाकणारे, सीसीतून मोटारसायकल आणि लग्न उरकणारे आमच्या भागात आहेत. त्यांची नावं गावाला माहीत असतात, तुम्हालाही विचारली तर कळतील. त्यांच्यामुळे तुम्ही दचकता हे समजतं. पण त्यावर उपाय माल बघणं हा आहे, पैसा न देणं हा नाही. कट्टे मोजता येतात. मोंढ्याची हिशेबपट्टी असते, तिच्यावर वजन, भाव, तारीख, आडत दुकानाचं नाव सगळं छापलेलं असतं. पैसे माझ्या हातात देऊच नका, थेट आडतवाल्याच्या खात्यावर आरटीजीएस करा. महिन्याला एक साठापत्रक मागा आणि वर्षातून दोनदा न सांगता या. विक्री तर आता लपतच नाही. अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे टाकतं, रोजच्या नोंदी तुमच्याच संगणकावर आहेत. वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवून पावतीवर कर्ज मिळतं, हे माहीत आहे, आणि मोठ्यांना ते सोयीचंही आहे. पण मला रोज तीस-पस्तीस किलो करडई लागते. गोदाम तालुक्याला आणि घाणा गावात. रोज कोण जाणार?

मर्यादा किती द्यायची याचंही सूत्र तुमच्याकडेच आहे. अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान २० टक्के, नायक समितीचं. माझ्या सव्वादहा लाखांच्या उलाढालीवर ते दोन लाखांच्या आसपास येतं. हंगामी धंद्याला ते पुरत नाही, कारण ते सूत्र वर्षात माल चार वेळा फिरतो असं धरून चालतं आणि माझा माल वर्षात एकदाच भरला जातो. पण २० टक्के ही किमान मर्यादा आहे. आवर्तन लांब असेल तर जास्त धरायला तुम्हाला मोकळीक आहे. मार्च ते ऑगस्ट वाढीव मर्यादा, दिवाळीनंतर उतरती, असं खातं बांधता येतं. साखर कारखान्यांना तुम्ही साखरेच्या पोत्यांवर हंगामाप्रमाणे पैसे देताच. करडईच्या कट्ट्यांना का नाही?

आणि ते दोन लाख तरी आधी द्या. त्यावर भांडण नंतर करू.

मुद्रा योजना २०१५ ची. शिशू ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. शिशूचं वाटप भरपूर होतं, कारण उद्दिष्ट त्यातच लवकर भरतं. पण ५० हजारांत सात-आठ क्विंटल करडई येते, घाण्याला महिनाभरही पुरत नाही. पाच जणींना पन्नास-पन्नास हजार वाटण्यापेक्षा ज्या एकीचा धंदा दोन वर्षं चालताना दिसतोय तिला अडीच लाखांची मर्यादा द्या, हे मी इतर चौघींसमोरही म्हणेन. २०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगांना ५ लाखांच्या क्रेडिट कार्डाची घोषणा झाली होती. उद्यम नोंदणी फुकट होते आणि ती आम्ही करून ठेवली आहे. ते कार्ड तुमच्या शाखेत मिळतं का, एवढं काउंटरवर एका कागदावर लिहून लावा.

जुनी माणसं अजून स्टेट बँकेला 'हैदराबाद बँक' म्हणतात. २०१७ साली ती विलीन झाली तरी जिभेवरून गेली नाही. त्या काळचे साहेब फार उदार होते असं मला म्हणायचं नाही. पण ते तालुक्यात चार वर्षं तरी राहायचे आणि मोंढ्यात चहाला यायचे असं सासरे सांगतात. आता तुमच्यापैकी बरेच जण लांबच्या राज्यांतून येतात, भाषा समजेपर्यंत बदलीची ऑर्डर येते. हा तुमचा दोष नाही. म्हणूनच जाताना फाईलवर एक पान लिहून ठेवा: हा धंदा कधी माल भरतो, कधी विकतो, कोणत्या महिन्यात हात आखडलेला असतो. पुढच्या साहेबांना पहिल्यापासून समजवायला लागणार नाही.

एक शेवटची मागणी आणि ती सगळ्यात स्वस्त आहे. २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामकाजी दिवसांत निर्णय द्यायचा असतो, अर्जाची पोच द्यायची असते, आणि नाकारला तर कारण लेखी कळवायचं असतं. हे नियम तुमचेच आहेत. आम्हाला मात्र "बघू", "वरून येऊ द्या", "पुढच्या आठवड्यात चक्कर मारा" असं तोंडी मिळतं. तोंडी नकार घेऊन माणूस कुठेच जाऊ शकत नाही, ना दुसऱ्या बँकेत, ना जिल्हा उद्योग केंद्रात, ना अग्रणी बँकेच्या साहेबांकडे. लेखी "नाही" मिळालं तर निदान काय उणं आहे ते दुरुस्त करता येतं.

येत्या हंगामासाठी मी आणि आमच्या भागातले आणखी काही जण जानेवारीतच अर्ज आणून देणार आहोत. सोबत मागच्या वर्षाच्या हिशेबपट्ट्या, वीजबिलं, खात्याचा उतारा, गटाची वही आणि महिनावार साठ्याचा अंदाज जोडलेला असेल. प्रोजेक्ट रिपोर्ट आम्ही स्वतः लिहिलाय, त्यामुळे तो चकचकीत नाही. कागद कमी असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात साठ्याची खोली बघायला या. प्रश्न घाणा चालवणारीला विचारा.

आपली,
एक घाणेवाली,
औसा तालुका, जि. लातूर

प्रत : जिल्हा अग्रणी बँक व्यवस्थापक, मराठवाड्यातले आठही जिल्हे